मंडळीत हिशेब मागणं म्हणजे दोष काढणं का?

सलाम ताई,

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. तुमची मंडळी साधारण 90 कुटुंबांची. मंदिराच्या छपरासाठी तीन वर्षं निधी गोळा होतो आहे, पण कामाला हात लागलेला नाही. वार्षिक सभेत तुम्ही उभं राहून विचारलंत, किती जमले आणि कुठे ठेवले आहेत? उत्तर आलं नाही. एका पंचांनी मत्तय 7:1 काढून "दोष काढू नका" असं वाचून दाखवलं. दुसऱ्यांनी स्तोत्र 105 मधलं "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" ऐकवलं. आता उपासनेनंतर बायका तुमच्याशी धड बोलत नाहीत, घरचे म्हणतात दुसऱ्या मंडळीत जाऊ, आणि तुम्हाला रात्री झोप नाही, कारण मनात एकच घोळतंय: माझ्या हातून पाप झालं का?

नाही, ताई. विचारण्यात पाप नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

मी 26 वर्षं पंच आहे, त्यातली 11 वर्षं खजिनदार होतो. दुसऱ्या मंडळ्यांमधल्या पैशांच्या तंट्यातही बरेचदा बसलो आहे. तरी तुमच्या मंडळीतली दुसरी बाजू मी ऐकलेली नाही, आणि ती ऐकल्याशिवाय तिथे काय झालं असेल यावर बोलणं मला योग्य वाटत नाही. पैसे मुदत ठेवीत सुरक्षित असतील आणि परवानगीसाठी काम अडलं असेल, असंही होतं. खजिनदारांना हिशेब लिहिता येत नसेल आणि त्याची लाज वाटत असेल, असंही होतं. पैसे पगारासाठी किंवा कोणाच्या इस्पितळाच्या बिलासाठी वळवले गेले असतील, असंही मी पाहिलंय. खरोखरची अफरातफरही पाहिली आहे, पण तुलनेनं कमी.

माझ्या मते तुमच्या सभेत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या. हिशेब ही एक गोष्ट, आरोप ही दुसरी. तुम्ही हिशेब मागितलात, समोरच्यांना आरोप ऐकू आला. पवित्र शास्त्रात या दोहोंसाठी वेगवेगळे उतारे आहेत, वेगवेगळी रीत आहे. एकीचं वचन दुसरीला लावलं की निरागस प्रश्नही दोषारोप ठरतो आणि दोषी माणूसही वचनामागे लपू शकतो.

आधी त्या दोन वचनांकडे येऊ. मत्तय 7 मध्ये प्रभू कुसळ आणि मुसळ यांचा दाखला देतो, आणि पाचव्या ओवीत म्हणतो, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे, फक्त आधी स्वतःकडे पाहून. त्याच अध्यायात पुढे झाड फळांवरून ओळखा असंही तो सांगतो. पारख करायचीच नसती तर हे सांगितलं नसतं. प्रभूनं मना केलं आहे ते दुसऱ्याच्या अंतःकरणाचा न्यायाधीश होणं. "छपराच्या खात्यात किती रुपये आहेत?" या प्रश्नात कोणाच्या अंतःकरणाचा विषयच येत नाही.

स्तोत्र 105 मधलं ते वचन अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या मुलखांतून फिरत होते त्या काळाबद्दल आहे. परमेश्वरानं राजांना बजावलं की या निराधार प्रवाशांना इजा करू नका. मंडळीच्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारू नये असा अर्थ त्यातून निघत नाही. आणि "अभिषिक्त" हा शब्द हिशेबाच्या संदर्भात पाहायचाच असेल तर 1 शमुवेल 12 उघडा. शमुवेल म्हातारा झालाय, केस पिकलेत, सगळं इस्राएल समोर आहे. तो स्वतः म्हणतो: परमेश्वरासमोर आणि त्याच्या अभिषिक्तासमोर माझ्याविरुद्ध साक्ष द्या, मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाच्या हातून लाच घेतली? कोणी मागितलेला नसताना त्यानं हिशेब दिला, आणि तो अभिषिक्ताच्या, म्हणजे शौल राजाच्या, देखत दिला.

आता ज्या उताऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळा बोललो आहे त्याकडे येतो: 2 राजे 12. तुमचा प्रश्न मंदिराच्या दुरुस्तीचा, हा अध्यायही मंदिराच्या दुरुस्तीचाच. योवाश राजानं याजकांना सांगितलं होतं की लोकांकडून येणाऱ्या पैशातून मंदिराची मोडतोड दुरुस्त करा. त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी दुरुस्ती झाली नव्हती. तेव्हा राजानं मुख्य याजक यहोयादा आणि इतर याजकांना बोलावून विचारलं, मंदिराची दुरुस्ती का करत नाही?

इथे थोडं थांबा. हा यहोयादा कोण? योवाश तान्हा असताना त्याची आजी अथल्या हिनं राजवंशाचा संहार मांडला, तेव्हा यहोयादाच्या बायकोनं, यहोशेबानं, त्याला उचलून लपवलं. सहा वर्षं तो मंदिरात लपून वाढला. सातव्या वर्षी यहोयादानंच जिवावर उदार होऊन त्याला गादीवर बसवलं. म्हणजे योवाशाचा जीव, राज्य, शिकवण, सगळं यहोयादाचं देणं. अशा माणसाला तो पैशाबद्दल विचारतो, आणि तेही इतर याजकांच्या देखत.

यहोयादा काय करतो? "मी तुला वाढवलं आणि तू मला विचारतोस?" असं म्हणत नाही. तो एक पेटी घेतो, तिच्या झाकणाला भोक पाडतो आणि मंदिरात शिरताना उजव्या हाताला, वेदीजवळ, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवतो. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे येतात, पैसे मोजतात, थैल्यांत बांधतात आणि मग ते सुतार, गवंडी, पाथरवट यांच्यावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती जातात. चिटणीस राजवाड्याचा माणूस, याजक मंदिराचा. एक दुसऱ्याचा हाताखालचा नाही. आमच्या मंडळीत अर्पण मोजायला एकाच घरातले दोघे बसत नाहीत, तो नियम आम्ही इथूनच घेतला.

या अध्यायातली पंधरावी ओवी तुमच्यासमोर नक्की ठेवली जाईल, म्हणून सांगून ठेवतो. तिथे म्हटलंय की कामगारांना द्यायला ज्यांच्या हाती पैसा दिला त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीनं वागत. हे वचन मलाच एका सभेत ऐकवण्यात आलं होतं. पण क्रम पाहा. पेटी उघड्यावर होती, मोजणी दोघांनी केली होती, रक्कम ठरून गेली होती, आणि मंदिराच्या भिंती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुरुस्त होत होत्या. एवढं झाल्यावर सुताराकडे खिळ्याखिळ्याचा हिशेब मागितला नाही. त्याआधीची वर्षं मात्र विश्वासावरच सोडली होती, आणि त्यात भिंती तशाच पडक्या राहिल्या. विश्वासाला जागा आहे, ताई, पण ती मोजणीनंतरची.

"देवावर भरवसा असेल तर इतकी कागदं कशाला?" हेही तुम्हाला कोणीतरी म्हणेल. त्याचं उत्तर एज्रा 8 मध्ये आहे. एज्रा बाबेलहून यरुशलेमेला निघाला, जवळजवळ चार महिन्यांची वाट. वाटेत लुटारूंचं भय. राजाकडे शिपाई मागायची त्याला लाज वाटली, कारण आमच्या देवाचा हात आमच्यावर आहे असं तो राजाला सांगून बसला होता. म्हणून अहवा नदीपाशी सगळ्यांनी उपास केला आणि शिपायांविना निघाले. देवावरचा भरवसा याहून मोठा कुठला? पण तोच एज्रा निघण्यापूर्वी बारा प्रमुख याजक निवडतो आणि मंदिरासाठीचं अर्पण त्यांच्या हातात वजन करून देतो: 650 किक्कार चांदी, 100 किक्कार सोनं, शिवाय पात्रं. किक्कार म्हणजे 30 किलोंहून अधिक, तेव्हा नुसती चांदीच 20 टनांच्या आसपास झाली. यरुशलेमेला पोचल्यावर चौथ्या दिवशी मंदिरात दुसऱ्याच माणसांच्या हाती पुन्हा सगळं मोजून, तोलून दिलं आणि वजन लिहून ठेवलं. एज्रानं त्या बारा जणांना सांगितलं होतं, तुम्ही परमेश्वराला पवित्र आहात आणि ही पात्रंही पवित्र आहेत. पवित्र माणसं म्हणून वजन करायचं टाळलं नाही. वस्तू पवित्र म्हणून तर वजन केलं.

नव्या करारात पौल काय करतो तेही पाहा. यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी तो मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांतून वर्गणी जमवत होता. पैसे तो एकटा घेऊन गेला असता तर कोण अडवणार होतं? पण करिंथकरांस पहिल्या पत्रात तो म्हणतो, तुम्ही ज्यांना पसंत कराल त्यांना मी पत्रं देऊन पाठवीन. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याचा सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ येतात. त्यातल्या एकाची निवड मंडळ्यांनी केली होती, आणि तिथल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थच हात वर करून निवडणं असा आहे. कारणही पौल स्वतः देतो: एवढ्या मोठ्या दानाच्या व्यवस्थेत आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये, म्हणून प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीनं जे योग्य ते आम्ही करतो. देव जाणतो, एवढंच म्हणून पौल थांबला नाही. आणि करिंथात कुजबुज झालीच असावी, कारण बाराव्या अध्यायात तो विचारतो, मी कोणाकरवी तुम्हाला लुबाडलं का? तीतानं तुमच्याकडून काही उपटलं का? तीताबरोबर एका भावालाही पाठवलं होतं म्हणून त्याला हे ताठ मानेनं विचारता आलं. हिशेब हा प्रामाणिक माणसाचा आधार असतो, हे आपल्या खजिनदारांना आपण कधी नीट सांगतच नाही.

माझ्यावरचाच प्रसंग सांगतो. खजिनदार होऊन दुसरं वर्ष होतं. कापणीच्या सणाला आमच्याकडे लोक शेतातलं आणून वेदीपुढे ठेवतात: ज्वारी, बाजरी, भोपळे, अंडी, कोंबड्या. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एका म्हाताऱ्या विधवा मावशींनी आपली एकुलती कोंबडी आणली होती आणि ती लिलावात चांगल्या भावाला गेली. महिन्यानं त्यांनी मला विचारलं, "बाळा, माझ्या कोंबडीचे पैसे जमा झाले का रे?" मला राग आला. इतकी वर्षं ओळखता आणि हे विचारता? मी तसं बोललोही. घरी येऊन वही काढली. लिलावातल्या चार रकमा नोंदवायच्या राहून गेल्या होत्या. पैसे पाकिटात तसेच होते, पण वहीत ते नव्हते, आणि मी त्या आठवड्यात मेलो असतो तर मावशींची कोंबडी देवाच्या घरी कधी पोचलीच नसती. दुसऱ्या रविवारी मी उपासनेत उभं राहून ते सांगितलं आणि मावशींची क्षमा मागितली. मार्कच्या बाराव्या अध्यायात प्रभू भांडारासमोर बसून लोक कसे पैसे टाकतात ते पाहतो, आणि विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. त्याच्या आदल्याच ओवीत विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना तो धारेवर धरतो. या दोन गोष्टी शेजारी शेजारी का आहेत, ते मला त्या दिवशी कळलं.

आता रीत. जोवर तुम्ही फक्त हिशेब मागता आहात, तोवर मत्तय 18:15 ची पायरी लागू होत नाही. "तुझ्या भावानं अपराध केला तर" असं ते वचन सुरू होतं, आणि तुमच्यापुढे अजून कोणाचा अपराध आलेला नाही. त्यामुळे "आधी एकट्यात का बोलली नाहीस?" हा ठपका तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वार्षिक सभा हिशेबासाठीच असते. प्रेषितांची कृत्ये 6 मध्येही ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय ही कुरकुर उघडच झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावून सात जण निवडायला सांगितलं, आणि त्या साती जणांची नावं ग्रीक आहेत, स्तेफनापासून निकलावापर्यंत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती काम गेलं, असं त्यावरून दिसतं.

हिशेब आला आणि त्यात खरंच गफलत दिसली, तर मात्र रीत बदलते. तेव्हा आधी त्या माणसाशी एकट्यात बोलायचं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आणि तो माणूस पाळक किंवा वडील असेल तर 1 तीमथ्य 5:19 प्रमाणे दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप घ्यायचाच नाही. हे वचन मी कडकपणे पाळतो, कारण नुसत्या कुजबुजीनं पाळकांची घरं उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत. मात्र त्याच्या पुढचीच ओवी सांगते की जे पाप करतात त्यांना सर्वांदेखत दोष लाव. दोन्ही ओव्या एकत्र वाचायच्या.

तुम्ही धर्मादाय आयुक्तांचंही विचारलंत, आणि 1 करिंथ 6 ची भीती लिहिलीत. तिथे पौल भावानं भावाला आपल्या फायद्यासाठी अविश्वासी न्यायाधीशांपुढे खेचण्याबद्दल बोलतो. तुमची मंडळी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल तर हिशेब ठेवणं ही तिची कायद्यानं ठरलेली जबाबदारी आहे. तिथे दाखल झालेल्या हिशेबाची प्रत पाहणं म्हणजे भावावर खटला भरणं नाही. तरी मी ती पायरी शेवटची ठेवीन. तुमची मंडळी एखाद्या धर्मप्रांताखाली असेल तर आधी बिशप कार्यालय. स्वतंत्र असेल तर मंडळीची घटना काढून बघा, सभासदाला हिशेब पाहण्याचा हक्क बहुतेक वेळा तिथेच लिहिलेला असतो. यातलं तुमच्याकडे काय लागू आहे ते तुम्हालाच पाहावं लागेल.

मंडळी सोडण्याबद्दल मी एवढंच म्हणेन: उत्तर मिळायच्या आधी सोडू नका. अर्पणही रागानं बंद करू नका. छपराच्या निधीत टाकायला मन धजत नसेल तर तेवढं थांबवा, कारण ज्यानं त्यानं आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये, असं पौलच म्हणतो. पण रविवारचं अर्पण चालू ठेवा. आणि हा विषय मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुळीच टाकू नका. तिथे लिहिलेलं अर्ध वाक्य पुढे जातं आणि मग त्याची भरपाई करता येत नाही.

हिशेबात सगळंच उघड करायचं असतं असंही नाही. कोणत्या कुटुंबानं किती दिलं आणि मंडळीच्या मदतनिधीतून कोणाला किती मिळालं, ही नावं आम्ही फळ्यावर लावत नाही. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, हे वचन तिथे लागू पडतं. एकूण जमा, एकूण खर्च, शिल्लक आणि ती कुठल्या खात्यात, एवढं लावतो. तुम्हीही एवढंच मागा.

पुढच्या आठवड्यात तुमच्याबरोबर येतील असे दोन सभासद शोधा. त्यातली एक व्यक्ती पंचांना मानणारी असली तर उत्तम. तिघं मिळून पाळक साहेबांच्या घरी जा, बसा, प्रार्थना करा. सभेत तुमचा आवाज चढला होता असं तुम्हीच लिहिलं आहे, तर तेवढ्याची क्षमा मागा, प्रश्नाची नाही. आणि हे पत्र त्यांच्या हाती द्या, दोन प्रती करून, एकीवर पोच घेऊन:

"आदरणीय पाळक साहेब व पंच मंडळ, जय ख्रिस्त. मंदिराच्या छपरासाठी जमा झालेल्या निधीबाबत पुढील माहिती मिळावी ही नम्र विनंती. 1. गेल्या तीन वर्षांत जमा झालेली एकूण रक्कम. 2. झालेला खर्च. 3. आजची शिल्लक व ती ज्या खात्यात आहे त्याचा तपशील. 4. काम सुरू होण्यात काही अडचण असल्यास ती. आमचा कोणावरही आरोप नाही. अडचण असेल तर अंगमेहनतीनं, वेळेनं किंवा पैशानं हातभार लावण्याची आमची तयारी आहे. आपले, मंडळीचे सभासद."

शेवटचं वाक्य मनापासून लिहिता येत असेल तरच ठेवा. महिनाभर वाट पाहा. उत्तर आलं, नाही आलं, दोन्ही वेळा मला कळवा, पुढचं मिळून पाहू. तोवर त्या न बोलणाऱ्या बायकांपैकी जी सगळ्यात जवळची होती, तिच्या घरी जाऊन चहा घ्या आणि छपराचा विषय अजिबात काढू नका.